इंग्रजीत नादाचं वर्णन: मिक्सिंग इंजिनिअरला नेमकं काय लिहायचं?

षड्जपंचम

ख्याल, नाट्यसंगीत, अभंग यांचं ध्वनिमुद्रण पुण्यात, मुंबईत नाहीतर गोव्यात होतं आणि मिक्सिंगला, म्हणजे वेगवेगळे ट्रॅक जुळवून एक करायला, फाइली जातात लंडनला, टोरांटोला किंवा बंगळुरूला. तिथल्या माणसाचा कान तयार असतो, पण तानपुरा त्याने जवळून ऐकलेला असेलच असं नाही. सगळं बोलणं इंग्रजी मेलवर चालतं. 'प्लीज मेक इट स्वीट' एवढंच लिहिलं तर त्याला करण्यासारखं काहीच मिळत नाही, आणि नेमका शब्द चुकला तर तो भलतंच करून पाठवतो.

आपल्याकडचा 'घुमतंय' हा शब्द घ्या. बैठकीत तो चार निरनिराळ्या गोष्टींसाठी वापरतात. डग्गा किंवा खर्ज जास्त झाला, साधारण ६० ते १५० हर्ट्झच्या (सेकंदाला तेवढी कंपनं) पट्ट्यात फुगवटा आला, तर इंग्रजीत 'बूमी'. खोलीचा किंवा रिव्हर्बचा, म्हणजे यंत्राने जोडलेला, निनाद लांबला तर 'रिव्हर्बरंट', किंवा सरळ 'टू मच रिव्हर्ब टेल'. एकच स्वर बाकीच्यांपेक्षा जास्त वेळ वाजत राहिला तर 'रिंगिंग'. आणि आवाजाला छान गाज असेल, म्हणजे आपण कौतुक करत असू, तर 'रेझोनंट'. चारही वेळा इंजिनिअर वेगळं काम करणार: पहिल्यात खालचा भाग उतरवेल, दुसऱ्यात रिव्हर्ब कमी करेल, तिसऱ्यात एका बारीक जागी कापेल, चौथ्यात हात लावणार नाही. कौतुक म्हणून 'बूमी' लिहिलंत तर पुढच्या मिक्समध्ये खर्ज गेलेला असेल.

असे शब्द या चर्चेत जमवू या. शब्दासोबत त्याची जागा, कारण आणि तो वाचून समोरचा काय करेल हेही लिहा.

मिक्सटेबल

खालून वर जातो. आकडे अंदाजाचे आहेत, पाच-पंचवीस टक्के इकडेतिकडे होतात.

६० हर्ट्झच्या खाली 'रंबल': एसी, रस्त्यावरची वाहतूक, माईकच्या स्टँडला लागलेला पाय. त्यावर 'बूमी'. १५० ते ३०० दरम्यान प्रमाणात असेल तर 'वॉर्म' किंवा 'फुल', नसेल तर 'थिन'. २०० ते ४०० मध्ये गर्दी झाली की 'मडी', चिखल झाल्यासारखं. ४०० ते ८०० 'बॉक्सी'. ८०० ते दीड हजार 'हाँकी' आणि 'नेझल'. २.५ ते ५ किलोहर्ट्झ प्रमाणात 'प्रेझेन्स', जास्त झालं की 'हार्श'. ५ ते ९ 'सिबिलंट', म्हणजे 'स'-'श'ची सळसळ. १० च्या वर 'एअर'. वरचं सगळंच कमी पडलं तर 'डल'.

आपल्या संगीतात सगळ्यात जास्त भांडण 'मडी'चं होतं. पुरुष गायकाची पट्टी काळी एक धरली, म्हणजे षड्ज पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीवर, तर मध्य षड्ज १३८.६ हर्ट्झला येतो, तानपुऱ्याचा खर्ज ६९.३ ला. षड्जाचा दुसरा उपस्वर (मूळ स्वरासोबत वाजणारा वरचा स्वर, इथे दुप्पट) २७७ वर, मंद्र पंचमाचा तिसरा ३१२ च्या आसपास. त्यात पेटी त्याच सप्तकात साथ करते आणि डग्ग्याचे वरचे उपस्वर तिथेच पडतात. एकेकटं वाद्य ऐकलं तर कुणातच दोष नाही, एकत्र आले की शब्द कळेनासे होतात. म्हणून 'द व्होकल इज मडी' असं लिहू नये. 'द टू हंड्रेड टु फोर हंड्रेड रेंज इज क्राउडेड, मेनली हार्मोनियम अँड तानपुरा' असं लिहावं. नाहीतर तो गळ्यातला भाग कापतो, गाणं पातळ होतं आणि चिखल आहे तिथेच राहतो.

'बॉक्सी' बहुतेक वेळा खोलीमुळे येतं: लहान खोली, समोरासमोरच्या उघड्या भिंती, किंवा खोक्यासारखं व्होकल बूथ ज्यात पातळ फोम लावलाय. फोम वरचं शोषतो, मधलं तसंच ठेवतो. हे मिक्समध्ये थोडं झाकता येतं, निघत नाही.

दोष कुठे आहे ते स्वतः शोधायचं असेल तर ईक्यूचा (पट्ट्यानुसार आवाज चढवायचं-उतरवायचं साधन) एक बेल, म्हणजे घंटेच्या आकाराचा चढ, घ्या, क्यू (तो किती अरुंद ते) ५ च्या आसपास, ६ डेसिबल वर, आणि १५० पासून १,००० पर्यंत सावकाश सरकवा. जिथे सगळ्यात वाईट वाटेल तो आकडा लिहून घ्या. फक्त हे करताना गायक नुसता षड्ज लावून बसलेला असेल तो तुकडा घेऊ नका. काळी एकला २७७, ४१६, ५५४, ६९३ या प्रत्येक ठिकाणी षड्जाचाच उपस्वर फुगेल आणि तोच दोष वाटेल. तो कापला की पूर्ण मैफलीत षड्ज मेलेला. चार-पाच वेगळ्या स्वरांवर फिरणारी आलापी किंवा तान घ्या. स्वर बदलला तरी जो फुगवटा जागा सोडत नाही तो खोलीचा किंवा माईकचा. तोच कळवायचा.

कानसेन

'नेझल', 'हाँकी', 'रीडी', 'टिनी' यांत फरक कसा करायचा? चारही पेटीला लावलेले वाचले आहेत.

पेटीवाला

'रीडी' हे पेटीचं खरं वर्णन आहे, दोष नाही. रीड हवेत मोकळी हलते, तिच्यात वरचे उपस्वर भरपूर असतात, तो तिचा स्वभाव. 'हाँकी' म्हणजे १ किलोहर्ट्झच्या आसपास भोंग्यासारखा पुढे येणारा भाग. पेटीचा माईक जाळीच्या अगदी जवळ ठेवला की येतो, थोडा मागे आणि वर घेतला की कमी होतो. 'नेझल' गळ्यासाठी राखून ठेवा, जागा जवळपास तीच. 'टिनी' म्हणजे खालचं जवळजवळ काहीच नाही, फोनच्या स्पीकरवर ऐकल्यासारखं. 'टिनी'ला खालचा भाग भरावा लागतो, 'हाँकी'ला मधला कापावा लागतो. एकाऐवजी दुसरा शब्द गेला तर उलटं काम होतं.

पेटीचे बाकीचे आवाज: भात्यातून हवा गळते तो 'व्हीझी', पट्ट्यांची खडखड 'की नॉइज'. आणि महत्त्वाचं म्हणजे 'बीटिंग'. खर्ज-नर (एक सप्तक खालची आणि मूळ) दोन्ही रीड लावल्या आणि त्या एकमेकींशी तंतोतंत जुळल्या नसल्या तर स्वर हेलकावतो. खर्जाच्या रीडचा दुसरा उपस्वर ४४० आणि नरची रीड ४४२ असेल तर सेकंदाला दोन हेलकावे. मिक्स करणाऱ्याला तो कोरस इफेक्ट वाटू शकतो. हवा असेल तर 'नॅचरल बीटिंग बिटवीन टू रीड्स' लिहा. नको असेल तर मिक्समध्ये काढून मागू नका, पेटी जुळवून पुन्हा वाजवणं हाच उपाय.

जुन्या शास्त्रातही या शब्दांना आधार आहे. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झने १८६३ मध्ये उपस्वर आणि नादाचा रंग यांचा मेळ मांडला. पहिले सहा उपस्वर माफक असले की नाद भरलेला आणि गोड लागतो, फक्त विषम उपस्वर असले की पोकळ, सहा-सातच्या वरचे फार जोरात असले की कापणारा आणि खरखरीत. क्लॅरिनेटच्या खालच्या सप्तकाला इंग्रजीत 'हॉलो' म्हणतात ते म्हणूनच.

मिक्सटेबल

'हॉलो'बद्दल एक भर. मिक्समध्ये 'हॉलो' म्हणजे बहुतेकदा दोन वाटांनी आलेला एकच आवाज. गायकासमोर वहीचा स्टँड असतो. आवाज थेट माईकमध्ये जातो आणि वहीवर आपटूनही जातो. दोन वाटांत ३४ सेंटिमीटरचा फरक असेल तर दुसरा आवाज १ मिलिसेकंद उशिरा पोचतो आणि ५००, १,५००, २,५०० हर्ट्झला खड्डे पडतात. याला 'फेझी' किंवा 'कोम्ब फिल्टर्ड' म्हणतात. ईक्यूने खड्डे भरत नाहीत. वही तिरकी करा, स्टँडवर जाड कापड टाका. तबल्याचा आवाज गळ्याच्या माईकमध्ये शिरतो तेव्हाही हेच होतं. त्याला अमेरिकेत 'ब्लीड' म्हणतात, ब्रिटनमध्ये 'स्पिल'.

जवारी_खुली

तानपुऱ्याबद्दल सविस्तर लिहितो, कारण इंग्रजी मेलमध्ये सगळ्यात जास्त नुकसान त्याचं होतं.

तारा टेकतात त्या घोडीचा माथा सपाट नसतो, त्याला हलका उतार असतो. तार त्या उतारावर टेकत-सुटत हलते, आणि तारेखाली सूत नेमक्या जागी सरकवलं की वरचे उपस्वर एकामागून एक उमलत जातात. हीच जवारी. इंग्रजीत तिला 'बझ' म्हणतात आणि तिथेच घोळ होतो. गिटारवर 'बझ' हा दोष आहे, तार पडद्याला लागतेय असा त्याचा अर्थ. वाचणारा काढायला जातो. म्हणून पहिल्याच मेलमध्ये हे वाक्य हवं: 'द बझ ऑन द तानपुरा इज इंटेन्शनल, इट इज द टोन ऑफ द इन्स्ट्रुमेंट, प्लीज डू नॉट रिमूव्ह इट.' उमलण्याला 'ब्लूम' हा शब्द त्यांच्याकडे आहे आणि तो चपखल बसतो. वरच्या झगमगाटाला 'शिमर'.

खरा दोष असेल तर 'रॅटल'. खुंटी ढिली, मणी नीट बसला नाही, भोपळ्याला चीर. 'रॅटल' ताल सोडून, एखाद्याच तारेवर आणि तुटक येते. जवारी प्रत्येक छेडीला तशीच उमलते. कुठली तार ते लिहा: पंचम, जोड की खर्ज.

याहून मोठा धोका नॉइज रिडक्शनचा. ते सॉफ्टवेअर आधी 'नुसत्या आवाजाचा' नमुना घेतं आणि तो पूर्ण फाइलमधून वजा करतं. आपल्या ध्वनिमुद्रणात गाणं सुरू होण्याआधी तानपुरा चालू असतो, इंजिनिअर त्यालाच नमुना समजतो, आणि स्थिर चालणारा नाद म्हणून तानपुराच पुसला जातो. गळ्याच्या मागे पाण्याखालून आल्यासारखा बुडबुड आवाज उरतो, त्याला 'वॉटरी' किंवा 'आर्टिफॅक्ट्स' म्हणतात. उपाय सोपा आहे. ध्वनिमुद्रण सुरू करा, सगळ्यांना १० सेकंद शांत बसवा, मग तानपुरा छेडा. मेलमध्ये लिहा: 'फर्स्ट टेन सेकंड्स आर रूम टोन, युज ओन्ली दॅट फॉर नॉइज प्रोफाइल.' मिरजेचा कितीही चांगला तानपुरा असो, ही १० सेकंदं नसली तर त्याचं काम वाया जातं.

डग्गा_उजवा

तबल्याचीही हीच गत होते. 'रिंग' हा शब्द ड्रमसेटवाल्यांच्या भाषेत तक्रार आहे. स्नेअर 'रिंगी' झाला की ते त्यावर टेप चिकटवतात. तबल्याच्या शाईमुळे (मधल्या काळ्या लेपामुळे) चामड्याचे उपस्वर मूळ स्वराच्या पूर्ण पटीत येतात, म्हणून 'ना' षड्जाला लागतो. सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्ये आणि पुढे १९३४ मध्ये यावर लिहिलं. साध्या चामड्याला हे जमत नाही, तिथे उपस्वर विस्कळीत असतात. तेव्हा 'टबला रिंग इज ट्यून्ड टु द टॉनिक, कीप इट' हे लिहायलाच हवं. न लिहिता पाठवलं की नॉइज गेट (आवाज हळू झाला की ट्रॅक बंद करणारं साधन) लागतो आणि आस, म्हणजे विरत जाणारा नाद, अर्ध्यात तुटते.

आघाताचे शब्द वेगळे ठेवा. चाटेवरचा (तबल्याच्या कडेवरचा) बोल स्वच्छ तुटक आला तर 'क्रिस्प'. बोटाच्या नखासारखा टकटक आला तर 'क्लिकी', माईक चाटेच्या फार जवळ आहे. जोर जाणवतो पण टोचत नाही तेव्हा 'पंची'. सगळे बोल एकाच उंचीचे झाले, लयकारीतला चढउतार गेला तर 'स्क्वॉश्ड' किंवा 'ओव्हर-कॉम्प्रेस्ड'. कॉम्प्रेसरचा (जोराचा आवाज दाबणारं साधन) अटॅक, म्हणजे दाबायला लागायचा वेळ, १ मिलिसेकंद ठेवला की बोलाचं टोकच दाबलं जातं. २० ते ३० ठेवला तर टोक निघून जातं आणि मागचा भाग धरला जातो.

डग्ग्यावर मनगट सरकवून स्वर चढवतो ते 'बूम' नाही. त्याला 'पिच ग्लाइड ऑन द बायां' म्हणा. हे सगळं १०० हर्ट्झच्या आसपास आणि खाली चालतं. सवयीने १०० वर हाय-पास (त्या आकड्याखालचं अडवणारा फिल्टर) लावला की घिस्सा गेला. तबल्याच्या ट्रॅकवर हाय-पास ४० च्या वर नको असं स्पष्ट लिहा. डग्गा खरंच ढिला लागला असेल तर शब्द 'फ्लॅबी'.

आणि 'आस'साठी 'सस्टेन' लिहिण्याआधी थांबा. वाद्याचा नाद आपोआप विरतो तो 'डिके'. खोलीचा किंवा इफेक्टचा विरतो तो 'टेल'. 'सस्टेन' म्हणजे धरून ठेवलेला, पेटीसारखा. तबल्याला 'डिके'च.

कानसेन

मग 'वॉर्म'चं काय? हा तर सगळेच लिहितात.

षड्जपंचम

माझ्या मते मेलमध्ये तो एकटा कधीच लिहू नये. त्याचे निदान तीन अर्थ चालू आहेत. सभागृहाच्या ध्वनिशास्त्रात त्याला मोजमाप आहे: १२५ आणि २५० हर्ट्झचा निनादकाल भागिले ५०० आणि १,००० चा. लिओ बेरानेक यांनी १९६२ मध्ये 'वॉर्म्थ'ची अशी मांडणी केली. दुसरा अर्थ टेप किंवा व्हॉल्व्हमधून गेल्यावर मिसळणाऱ्या हलक्या विकृतीचा. तिसरा, साध्या ईक्यूचा: २०० च्या आसपास थोडं वाढवा किंवा ८ किलोहर्ट्झच्या वर थोडं उतरवा. 'मेक इट वॉर्मर' वाचून समोरचा यातलं काहीही करेल. आणि गायिकेची पट्टी काळी चार असेल तर षड्ज २०७.७ हर्ट्झला आहे. २०० वाढवलं की षड्जच फक्त मोठा होतो, गंधार-मध्यम आहेत तिथेच. हवं काय ते उलट बाजूने सांगितलेलं बरं: 'द टॉप इज अ लिटल हार्श अराउंड थ्री के, आय वुड लाइक इट सॉफ्टर देअर.'

मिक्सटेबल

सहमत, पण त्या ३ किलोहर्ट्झला जपून हात लावायला सांगा. कान २ ते ५ किलोहर्ट्झमध्ये सगळ्यात तीक्ष्ण असतो, म्हणून 'हार्श' तिथेच बोचतं. पण आवाजाची धारही तिथेच असते. पूर्ण पट्टा कापला की गायक तबल्याच्या मागे जाऊन बसतो. तारसप्तकात टीप लागली तेवढ्यापुरतंच बोचत असेल तर 'ओन्ली ऑन द लाउड हाय नोट्स' हे शब्द जोडा. मग तो डायनॅमिक ईक्यू लावेल, जो जोरात आल्यावरच दाबतो.

मराठी शब्दांबद्दलही एक सूचना. 'स', 'श' यांची सळसळ दाबायला डी-एसर लावतात. आपला 'चमचा'तला 'च' आणि 'झाड'मधला 'झ' यांतही तीच सळसळ आहे, त्यामुळे डी-एसर तेही पकडतो. जास्त दाबला की 'च' बोथट होऊन 'त'कडे झुकतो. याला 'लिस्पी' म्हणतात. अभंगात हे लगेच कळतं, आणि मराठी न येणाऱ्या इंजिनिअरला कळणारच नाही. कुठल्या मिनिटाला कुठला शब्द, हे लिहून द्यावं लागतं. 'प', 'फ', 'भ' यांचा हवेचा झटका येतो तो 'प्लोझिव्ह' किंवा 'पॉप', सिबिलन्समध्ये मिसळू नका.

पेटीवाला

आता स्वराचे शब्द.

'स्केल' सगळ्यात आधी सुधारा. आपण 'माझा स्केल काळी एक' म्हणतो, इंग्रजीत स्केल म्हणजे स्वरांचा क्रम. 'द टॉनिक इज सी शार्प' लिहा. 'फ्लॅट'चे तीन अर्थ आहेत: कोमल स्वराच्या नावातला, बेसूर उतरलेला, आणि ईक्यूमध्ये कुठेही चढउतार नसलेला. वाक्यातून कुठला ते कळलं पाहिजे. 'शार्प'ही तसाच: चढा स्वर, की कानाला टोचणारा? टोचणाऱ्याला 'पिअर्सिंग' लिहा आणि प्रश्न मिटवा.

'व्हायब्रेटो' म्हणजे स्वराच्या उंचीचं कंपन, गळ्यात सेकंदाला साधारण ५ ते ७. 'ट्रेमोलो' म्हणजे आवाजाच्या लहानमोठेपणाचं. फेंडर कंपनीने स्ट्रॅटोकास्टरच्या दांडीला 'ट्रेमोलो' म्हटलं, जी खरं तर स्वर हलवते, त्यामुळे गिटारवाल्यांत हा गोंधळ कायम आहे. आंदोलन यांपैकी काहीच नाही. दरबारीतला कोमल गंधार सावकाश झुलतो. त्याला 'स्लो ऑसिलेशन, पार्ट ऑफ द राग' म्हणा. मींडेला 'ग्लाइड'.

हे एवढ्यासाठी की पीच करेक्शन लावलं जाऊ नये. तानपुऱ्यातून ऐकू येणारा शुद्ध गंधार षड्जापासून ३८६ सेंटवर (सेंट म्हणजे सप्तकाचा बाराशेवा भाग) असतो, कीबोर्डचा ४०० वर. सॉफ्टवेअर आपला बरोबर गंधार १४ सेंट 'फ्लॅट' दाखवतं आणि वर ओढतं. मग गळा आणि तानपुरा भांडू लागतात. 'नो पीच करेक्शन, नॉट इव्हन लाइट' हे वाक्य माझ्या दृष्टीने तानपुऱ्याच्या वाक्याइतकंच गरजेचं.

लाईव्हवाला

स्टेजवर वेळ नसतो, तिथे तीन शब्द पुरतात. फीडबॅक (स्पीकरचा आवाज परत माईकमध्ये शिरून येणारा) खालचा, हू हू असा असेल तर 'हाउल', साधारण २५० ते ५००. शिट्टीसारखा असेल तर 'स्क्वील', २ किलोहर्ट्झ आणि वर. नुकता सुरू होऊ पाहतोय, स्वर लांबतोय, तर 'रिंगिंग'. मॉनिटरमध्ये (कलाकाराकडे तोंड केलेल्या स्पीकरमध्ये) रिव्हर्ब नको असेल तर 'ड्राय, प्लीज'.

गाज

थोडं वेगळं मत. आकडे फार देऊ नयेत. 'कट थ्री हंड्रेड बाय थ्री डीबी' असं लिहिलं की चांगला इंजिनिअरही तेवढंच करून मोकळा होतो. कारण कदाचित डग्गा पेटीच्या माईकमध्ये शिरलाय हे असेल, ते तो शोधत नाही.

मिक्सटेबल

बरोबर. म्हणून पट्टा द्यावा, औषध देऊ नये. जागा, वाद्य, शब्द, आणि हे हवंय की नकोय. उदाहरणार्थ: 'अॅट फोर मिनिट्स ट्वेंटी, हार्मोनियम, स्लाइटली हाँकी, समव्हेअर अराउंड वन के, इट कव्हर्स द व्होकल.' पुढचं त्याच्यावर सोडा. किती हवं त्यालाही शब्द आहेत: 'अ टच' म्हणजे १ डेसिबलच्या आसपास, 'स्लाइटली' १ ते २, 'नोटिसेबली' ३ किंवा जास्त.

कानसेन

लिहिण्याआधी ऐकायचं कसं? हेडफोनवर चालेल?

मिक्सटेबल

शब्द आणि सिबिलन्ससाठी हेडफोन चांगले, 'बूमी' ठरवायला नाहीत, कारण खालचा भाग प्रत्येक हेडफोनमध्ये वेगळा. फार हळू ऐकून 'थिन' लिहू नका. आवाज कमी असला की कानाला खालचे स्वर जास्त कमी ऐकू येतात, फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच हे मोजून दाखवलं. समोर बसून बोलण्याइतक्या पातळीवर, दर वेळी त्याच पातळीवर ऐका. दोन मिक्सची तुलना करताना त्यांची पातळी आधी जुळवा, १ डेसिबल मोठा असलेला मिक्स उगाच चांगला वाटतो. एमपी३ वरून 'वॉटरी' किंवा 'एअर नाही' असं ठरवू नका, तो दोष फाइलचाच असू शकतो. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झची वेव्ह फाइल मागून घ्या.

जवारी_खुली

आणि सोबत एक संदर्भ फाइल पाठवा: त्याच तानपुऱ्याचं, जवारी लागलेली असताना, दोन फुटांवरून केलेलं अर्ध्या मिनिटाचं ध्वनिमुद्रण, कुठलीही प्रक्रिया न करता. 'दिस इज हाउ इट साउंड्स इन द रूम' एवढंच लिहा. 'बझ' शब्दावरचा अर्धा पत्रव्यवहार त्याने वाचतो.